मदत हवी आहे: ओम्नीच्या इंजिनाचे पार्ट स्वस्त, दाराचा रोलर महाग. असं का?

जुनी_व्हॅन: गाडी २००७ ची मारुती ओम्नी, एमपीआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली). डावं सरकतं दार मागच्या बाजूने खाली बसलंय, लावताना उचलून ओढावं लागतं. मेस्त्रींच्या मते मधला रोलर गेलाय. पिस्टन रिंग, गॅस्केट कुठल्याही दुकानात मिळतात, या रोलरला मात्र तीन दुकानांत तीन भाव. भाव उतरेपर्यंत थांबू, की भंगारातून घेऊ?

पाना_१०_१२: थांबून उपयोग नाही. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन मारुती ८०० लाही होतं. ८०० बंद झाली २०१४ ला, ओम्नी २०१९ ला, पण दोन्ही मिळून रस्त्यावर अजून इतक्या आहेत की बाहेरच्या कंपन्या रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट काढतातच. ८०० पुढच्या चाकांवर चालणारी, ओम्नी मागच्या. त्यामुळे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा अ‍ॅक्सल, सरकतं दार हे सगळं एकट्या ओम्नीच्या गिऱ्हाइकावर. पार्ट घेण्याआधी एवढंच विचारा: हा आणखी कुठल्या गाडीला लागतो?

दाराचा अख्खा पत्रा तर आणखी अवघड. जागा अडवतो, वर्षभर विकला जाईल याची खात्री नाही, म्हणून दुकानदार अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय मागवत नाही. रोलरचं तसं नाही. शाळेच्या व्हॅनची दारं दिवसभर उघड-बंद होतात, त्यामुळे रोलर खपतो आणि लोकल मालही येतो. तीन भाव बहुधा त्यामुळेच: एक कंपनीच्या पाकिटातला, एक नावाजलेल्या बाहेरच्या ब्रँडचा, एक लोकल. लोकलचं प्लास्टिक नरम असलं तर चाक लवकर चपटं होतं आणि दार पुन्हा खाली बसतं. इथे पैसे वाचवू नका.

नाना_पेठ_फेरी: दुकानात नाव सांगून मागू नका, पार्ट नंबर सांगा. पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, पुढचा कोड मॉडेलचा. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर काउंटरवरच्या कॅटलॉगमध्ये दिसतो. "माल बंद झाला" हे उत्तर कित्येकदा फक्त जुन्या नंबरापुरतं खरं असतं.

पाकिटावरची एमआरपी आणि महिना-वर्ष वाचा. एमआरपीच्या वर पैसे मागता येत नाहीत. बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. जुनं लेबल असेल तर नवा भाव विचारा. रबरी वस्तू वर्षानुवर्षं पडून राहिलेली घेऊ नका, ती बसवायच्या आधीच कडक झालेली असते.

भंगारातून दार, काच, सीटचा सांगाडा, बंपर खुशाल घ्या. ब्रेकचे सिलिंडर, टायरॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा), टायमिंग बेल्ट कधीच नाही. आणि एखादी वस्तू भंगारात दिसली की तेव्हाच उचला. वजनावर जास्त पैसे सुटत असतील तर भंगारवाला ती ठेवत नाही, वितळायला देतो.

पाना_१०_१२: रोलर घेण्याआधी खालचा आणि वरचाही हाताने हलवून बघा, मधल्यावर आधीच त्यांचा भार आलेला असू शकतो. बोल्ट सोडण्याआधी ब्रॅकेटची जागा पत्र्यावर आखून ठेवा आणि दाराखाली ठोकळ्याचा आधार द्या. रूळ डिझेलने पुसून कोरडा करा. जाड ग्रीस भरू नका, धूळ चिकटते आणि नवा रोलर घासतो. शेवटी दार लावून कुलपाचा स्ट्रायकर (चौकटीवरचा, कुलूप अडकतं तो भाग) जुळतो का बघा. वर-खाली असेल तर त्याचे स्क्रू सैल करून जुळवा, दार आपटून नव्हे.