सोलापूरच्या शाखेतून सिंगापूरला वेल्थ आरएम: काय लागतं?

नवीपेठकर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात एका खासगी बँकेत प्रायॉरिटी (मोठ्या ठेवी असलेल्या) ग्राहकांचा आरएम, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर आहे. बहुतेक ग्राहक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार. एमबीए फायनान्स आणि एनआयएसएमचं (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेचं) म्युच्युअल फंड प्रमाणपत्र आहे. सिंगापूरला एनआरआय डेस्कवर जायचं तर परीक्षा आणि व्हिसाचं काय? इथले ग्राहक तिकडे जोडता येतील का?

हिशेबनीस:
आधी व्हिसा बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं. एम्प्लॉयमेंट पाससाठी (परदेशी व्यावसायिकांचा कामाचा परवाना) वित्त क्षेत्रात किमान पगार महिना ६,२०० सिंगापूर डॉलर (जानेवारी २०२५ पासून), आणि वयानुसार ही अट चढत जाते. शिवाय पगार, पदवी, राष्ट्रीयत्व अशा निकषांवर गुण देणाऱ्या कंपास पद्धतीत ४० गुण हवेत. त्या बँकेत भारतीयांचं प्रमाण आधीच जास्त असेल तर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात शून्य मिळतो, मग पगार आणि पदवीवर भरून काढावं लागतं.

एनआयएसएम तिथे धरत नाहीत. सीएमएफएएसचे (तिथल्या वित्तीय सल्लागारांच्या परीक्षेचे) पेपर द्यावे लागतात: आरईएस ५ नियम-नीतीचा, एम ८ फंडांचा, एम ९ आयुर्विम्याचा. गुंतागुंतीची उत्पादनं विकायची तर ८ए आणि ९एसुद्धा. प्रायव्हेट बँकिंगला सीएसीएस ही वेगळी परीक्षा आहे.

सिद्धेश्वरपेठ:
ग्राहक जोडण्याचा विचार सोडा. त्यांची यादी बँकेच्या मालकीची असते. एक्सेल स्वतःच्या मेलवर पाठवलीत तरी नोकरी जाईल. दुसरं, भारतात राहणाऱ्या माणसाला सिंगापुरातून फोन करून गुंतवणूक सुचवायला भारतातला परवाना लागतो. निवासी माणसाला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) वर्षाला २.५ लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात, पण गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २०% टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी वसूल केला जातो (रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो). मार्जिनसाठी (उसन्या पैशांवरच्या गुंतवणुकीत स्वतः भरायची रक्कम) तर एलआरएसचा पैसा पाठवताच येत नाही.

नवीपेठकर:
मग सोलापूरच्या अनुभवाचा तिथे काहीच उपयोग नाही का?

हिशेबनीस:
आहे, आणि तो कागदपत्रांत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सिंगापुरात ३ अब्ज सिंगापूर डॉलरचं मनी लाँडरिंग प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून पैसा कुठून आला हे फार बारकाईने तपासतात. समजा, एनआरआय ग्राहकाने सोलापुरातला वडिलोपार्जित प्लॉट विकला. 'वारसाहक्क' एवढं लिहून चालत नाही. वारस नोंद, फेरफार, खरेदीखत, इंडेक्स २ (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), कर भरल्याचा पुरावा, एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) पैसे जमा झाल्याची नोंद आणि परदेशी पाठवताना सीएचं प्रमाणपत्र, अशी साखळी लागते. एनआरओमधून वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंतच बाहेर काढता येतात, तेही सांगून ठेवा. खरेदीखतातली रक्कम आणि ग्राहक सांगतो ती रक्कम जुळली नाही, मधला भाग रोखीत गेला असेल, तर फाइल तिथेच थांबते. सातबारा आणि इंडेक्स २ वाचता येणारा आरएम हा घोळ खातं उघडण्याआधी पकडतो. तुमचं खरं भांडवल ते.

चादरवाला:
गुंतवणूक तारण ठेवून दिल्या जाणाऱ्या कर्जाचं गणित पक्कं करून जा, मुलाखतीत विचारतात. १० लाख डॉलरचे बाँड, त्यावर ७०% कर्ज म्हणजे ७ लाख. बाँड ९ लाखांवर आले की मर्यादा ६.३ लाख होते, म्हणजे ७० हजारांचा मार्जिन कॉल (तारण कमी पडल्याने फरक भरण्याची मागणी), आणि तो बहुधा दोन-तीन दिवसांत भरायचा असतो. कर्ज दुसऱ्या चलनात असेल तर बाँड न पडताही, चलनाचा दर बदलला म्हणून कॉल येऊ शकतो. ग्राहकाला हे विकण्याआधी लेखी द्या.

आणि 'अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर'चे (गुंतागुंतीची उत्पादनं घेऊ शकणारा सधन गुंतवणूकदार) निकष पाठ असू द्या: निव्वळ मालमत्ता २० लाख सिंगापूर डॉलरच्या वर (त्यात राहतं घर जास्तीत जास्त १० लाखांचं धरायचं), किंवा निव्वळ वित्तीय मालमत्ता १० लाखांच्या वर, किंवा मागच्या १२ महिन्यांत ३ लाख उत्पन्न. निकषात बसला तरी ग्राहकाने स्वतः संमती दिल्याशिवाय बँक त्याला तसा दर्जा देऊ शकत नाही.

सिद्धेश्वरपेठ:
थेट सोलापूरहून अर्ज करण्यापेक्षा आधी मुंबईच्या एनआरआय डेस्कवर बदली मागा. बायोडेटात 'टार्गेट १२०%' लिहू नका. किती ग्राहक, एकूण किती रक्कम, त्यातला नवा पैसा किती, हे तीन आकडे लिहा.