जुन्या शिकारी काडतुसांची ओढ अजून का टिकून आहे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
आजोबांच्या लोखंडी पेटीत .२७५ रिग्बी या रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी (गोळी उडाल्यावर उरणारे पितळी आवरण) सापडली. पितळ काळवंडले आहे, पण बुडावरची अक्षरे अजून वाचता येतात. नवी, वेगवान काडतुसे उपलब्ध असताना परदेशातील शिकारी शतकापूर्वीची काडतुसे आजही का वापरतात?

उत्तर १:
.२७५ रिग्बी हे १८९२ सालच्या ७×५७ माउझर या जर्मन काडतुसाचेच इंग्रजी नाव आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना याच बोअरची (नळीच्या मापाची) रायफल भेट मिळाली होती. खांद्याला बसणारा धक्का सौम्य असल्यामुळे नेम बिघडत नाही आणि लांब, जड गोळी खोलवर शिरते. जखमी जनावर मागे सोडायचे नाही, असे ज्याला मनापासून वाटते, त्याला नुसत्या वेगाचे आकडे पुरत नाहीत.

उत्तर २:
१९१२ चे .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूसही पाहावे. कडक उन्हात त्या काळच्या कॉर्डाइट या बंदुकीच्या दारूचा दाब वाढायचा आणि पुंगळी चेंबरला (रायफलमधील काडतूस बसण्याच्या खोबणीला) घट्ट धरून बसू शकायची. ही पुंगळी निमुळती असल्यामुळे सहज बाहेर येते. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या नागपूरकराला याचे मोल वेगळे सांगायला नको.

उत्तर ३:
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय इतिहासाचाच उरला, आणि ते योग्यच झाले. पेटीत जिवंत काडतूस आढळल्यास हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. पुंगळी मात्र चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतील.