साताऱ्यात जानेवारीअखेर मुक्काम आहे, फुकटात काय बघू?

नमस्कार मंडळी,

मी परभणीची. ट्रेनिंगसाठी जानेवारीअखेरपर्यंत साताऱ्यात आहे, गोडोलीत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहते. सुट्टी फक्त रविवारी, गाडी नाही, आणि स्टायपेंड भाडं नि मेसमध्येच संपतो. म्हणून तिकीट नसलेली ठिकाणं हवीत, एसटी नाहीतर वडापने (शेअर जीपने) जाता येतील अशी.

आल्या आल्या एकदा फसले. एका टॅक्सीवाल्याने 'कास दाखवतो' म्हणून आम्हा चौघींकडून भक्कम पैसे घेतले. नोव्हेंबरात! फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्याला नक्कीच असणार. पठारभर वाळकं गवत बघून परत आलो.

तेव्हापासून पायाला काम. अजिंक्यतारा दोनदा झाला. पहाटे निम्मा सातारा तिथे चढत असतो आणि धापा टाकणारी मी एकटीच. वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर कुठला ते एका आजोबांनी बोट धरून दाखवलं. काकूंना कौतुकाने सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात काय बघायचंय? गडावरच्या मंगळाईच्या देवळात जातो तेवढंच आम्ही."

पण लिंबची बारा मोटांची विहीर! हायवेला फाट्यावर उतरून चालत गेले. लांबून काहीच वाटत नाही, नुसती शेतातली विहीर. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की कळतं, विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली शंभर फुटांच्या वर, तोंड पन्नासेक फूट. वर मोटा लावायच्या दगडी जागा अजून आहेत. एकदम बारा मोटा चालायच्या तेव्हा बैलांची नि चाकांची काय कुरकुर उठत असेल! तासभर बसले. शेळ्या घेऊन आलेल्या एका मावशींनी विचारलं, "रील काढायला आलीस व्हय?" नाही म्हटल्यावर त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली.

आता खरा प्रश्न. डिसेंबरअखेर आई येतेय, तिचे गुडघे दुखतात. समर्थांच्या समाधीसाठी सज्जनगडला जायचंच म्हणते. गाडी बरीच वर जाते, पण पुढच्या पायऱ्या तिला दमाने जमतील का? दुपारच्या प्रसादाला किती वाजता पोचावं? संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या घाटावर संध्याकाळी बसायचंय, अंधार पडल्यावर परतायला वडाप मिळतं का? आणि वाईला ढोल्या गणपती करून मेणवलीचा घाट त्याच दिवशी होईल का? नाना फडणवीसांच्या घाटावरची ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली, आईला दाखवायची आहे. वाईहून मेणवलीला रिक्षावाले किती घेतात तेही सांगा, परत टॅक्सीवाल्यासारखं नको.

पाटेश्वरला एकटीने जावं का? लेण्यांतली शिवलिंगं बघायची फार इच्छा आहे, पण चढ नि झाडी आहे म्हणतात.

भर: पाटेश्वर एकटीने नको, असं तिघांनी बजावलंय. ऐकते. जानेवारीत रविवारी कोणी जाणार असाल तर मला घ्या, डब्यात परभणीची धपाटी आणेन.