सोसायटीच्या सामायिक बागेत दिव्यांग तरुणांनाही काम करता यावं, आखणी कशी करू?

अंगणवेल
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (पुणे) मागच्या भिंतीलगत साधारण ४० बाय २५ फुटांची जागा कित्येक वर्षं पडून होती, तिथे सगळ्यांनी मिळून भाजीपाल्याची बाग करायचं ठरलंय आणि आखणीचं काम माझ्याकडे आलंय. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे, अठराव्या वर्षी शाळा संपली आणि तेव्हापासून तो बहुतेक वेळ घरातच असतो. बी विंगमधली एक मुलगी २० वर्षांची, ती व्हीलचेअर वापरते, आणि अजून एक २२ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तिघांनाही यायचंय. माझ्या डोक्यात असं आहे की गेटजवळचा कोपरा यांच्यासाठी वेगळा ठेवायचा, तिथे उंच वाफे, रॅम्प, वासाची झाडं, आणि बाकी बाग नेहमीसारखी. वाफ्याची उंची किती ठेवू, वाट कशाची करू? पावसाच्या आत वाट तरी व्हायला हवी.

निळी_सायकल
ताई, वेगळा कोपरा नका करू, हे मी अगदी मनापासून सांगतोय. मी २७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असतो. आमच्याकडे असाच कोपरा केला होता, छान बोर्ड वगैरे लावून. पण नळ, अवजारांचं कपाट, कंपोस्टचा हौद आणि लोक जिथे चहा घेऊन गप्पा मारत बसायचे तो कट्टा, सगळं दोन पायऱ्यांच्या पलीकडे. मी आपला एकटा चार कुंड्यांपाशी, दोन महिन्यांनी जाणं सोडलं. सगळ्या बागेत वेगवेगळ्या उंचीचे वाफे मिसळून ठेवा, तुमच्या इथल्या गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांनाही तेच लागणारेत.

आता मापं. वाट किमान ४ फूट, आणि वळायच्या ठिकाणी ५ बाय ५ फूट मोकळी जागा. रॅम्प १ ला १२, म्हणजे ६ इंच चढायला ६ फूट लांबी, त्याहून उभा केलात तर कुणीतरी मागून ढकलायला लागतं. वाफा दोन्ही बाजूंनी पोचता येत असेल तर ४ फूट रुंद चालेल, भिंतीला लागून असेल तर २ फूटच, खुर्चीत बसून हात त्याच्या पुढे जात नाही. उंचीत एक मेख आहे. २ फूट उंच भरीव वाफा केला की खुर्ची आडवी लावून कंबर पिळून काम करावं लागतं, अर्ध्या तासात पाठ जाते. गुडघे आत जायला खाली २७ इंच तरी मोकळे हवेत, म्हणून निदान दोन वाफे टेबलासारखे करा, वर ६ इंच माती. तेवढ्यात मेथी, कोथिंबीर, पालक, मुळ्याचा पाला मस्त येतो, टोमॅटो-वांगी खालच्या वाफ्यात लावा.
आणि त्या मुलीच्या खुर्चीचं माप तिलाच विचारा, सगळ्या खुर्च्या सारख्या नसतात.

परसबाग६०
वाटेचं मी सांगतो. मुरूम टाकू नका, जुलैत चाकं रुततात. शहाबादी फरशीवर शेवाळ धरलं की धडधाकट माणूस पण आपटतो. साधा कोबा करा आणि ओला असतानाच वरून खराटा ओढा, खरबरीत राहतो, घसरत नाही. पाणी एका बाजूला वाहून जाईल एवढा अगदी हलका उतार द्या.
खालच्या वाफ्यांना सिमेंट लावूच नका, सुट्या विटा रचा, नंतर उंची कमीजास्त करता येते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर सरांच्या प्रयोग परिवारापासून (शेतीचे प्रयोग करून एकमेकांना सांगणाऱ्या लोकांचा गट) आपल्याकडे कितीतरी लोक असेच पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडावर भाज्या घेतायत. रसवंतीवाल्याला विचारा, तो चिपाडं द्यायला तयारच असतो. टेबलाच्या वाफ्यात वजन कमी हवं, तिथे तर हे फारच उपयोगी.
कण्हेर आणि धोतरा अजिबात नको, विषारी आहेत. अळूनं काहींना खाज सुटते, ते लांब लावा.

खुरपं_आणि_झारी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं ज्याला त्याला जमतील अशी करून देणं हे माझं काम. मापं वर आलीच आहेत, मी हातांबद्दल सांगते. पकड कमी असेल तर खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाड होते आणि निसटत नाही. १० लिटरची झारी म्हणजे १० किलो, २ लिटरच्या चार घ्या. नळाला फिरवायची चावी नको, दांडीवाला कॉक लावा, मनगटानं किंवा कोपरानं पण उघडतो. बी पेरताना अंड्याचा ट्रे ओल्या मातीवर दाबायचा, सारख्या अंतरावर खड्डे पडतात, एका खड्ड्यात एक भेंडीचं बी. किती टाकू, कुठे टाकू हा प्रश्नच राहत नाही.
डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचा सांधा सैल असतो, त्यामुळे भावाला डोक्यावर पाटी घेऊ देऊ नका, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. काही औषधांनी ऊन जास्त बाधतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी ९ च्या आत काम आटपा.

मोगरा_दारी
माझा मुलगा २४ चा, ऑटिस्टिक. आमच्या अनुभवात वाफ्यांपेक्षा वेळापत्रकानं जास्त काम केलं. "रविवारी सगळे या" असं म्हटलं की तिथे ३० माणसं, मुलं ओरडतायत, कुणीतरी स्पीकर लावलेला, तो दहा मिनिटांत घरी परत. मग त्याला रोज सकाळी ७ चं काम दिलं, त्याचे सहा वाफे, त्याचीच झारी, कपाटावर चित्रांचा तक्ता: झारी भर, पाणी घाल, झारी जागेवर ठेव. दीड वर्ष झालं, आजारपण सोडलं तर एकदाही चुकला नाही, आणि तो आजारी पडला तेव्हा पालक खरंच सुकला. तेव्हा लोकांना कळलं की हे काम खरं आहे. तेव्हा तुमच्या या तिघांना शोभेचं काम देऊ नका. एक शांत बाक पण ठेवा, झाडामागे, कुणी बोलायला येणार नाही असा.
अजून एक, त्यांना विचारल्याशिवाय फोटो काढून ग्रुपवर टाकू नका आणि "आमची स्पेशल मुलं" म्हणू नका, चोवीस वर्षांचा माणूस आहे तो. भाजी विकणार असाल तर त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्या.

अंगणवेल
सगळ्यांचे खूप आभार, कोपऱ्याचा नकाशा काल रात्रीच बाजूला ठेवला. मुख्य म्हणजे मी अजून भावाला नीट विचारलंच नव्हतं हे लक्षात आलं, सगळं मीच ठरवत होते. आज विचारलं तर म्हणाला पाईप मी धरणार, गवत काढणार नाही, आणि भेंडी नको, गाजर पाहिजे. बी विंगमधल्या मुलीनं स्वतः टेप घेऊन खुर्ची मोजली, तिला २७ नाही, २८ इंच लागतात. म्हणजे एक टेबल २८ वर करतोय. गाजराला ६ इंच माती पुरेल का? नाहीतर त्याचं गाजर विटांच्या वाफ्यात लावते, तो उभा राहून काम करू शकतो.

परसबाग६०
लांब गाजराला नाही पुरणार. विटांच्या वाफ्यात फूटभर भुसभुशीत माती द्या, खडे वेचून काढा नाहीतर गाजराला दोन पाय फुटतात. पेरणी मात्र आता नको, पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तोवर त्याला पाईपनं पाणी घालून मेथी सांभाळू दे, तीनचार दिवसांत उगवते, त्याला वाट बघायला लागणार नाही.