श्वासाकडे लक्ष दिलं की श्वासच बिघडतो. काय चुकतंय?

मुक्ता_ठाणे
सकाळी १५ मिनिटं मांडी घालून श्वासाकडे लक्ष देते. लक्ष गेलं रे गेलं की श्वास मुद्दाम घेतल्यासारखा होतो आणि छातीत कोंडल्यासारखं वाटतं. दहाव्या मिनिटाला डावा पाय बधिर होतो. पाय शाबूत असेल त्या दिवशी डुलकी. श्वास सोडून नामजप धरावा का, की दोन्ही करावं?

बैठक_पक्की
आधी पाय. त्यात रक्त अडतं असं म्हणतात, पण बहुतेक वेळा दबलेली असते ती नस. बूड जमिनीला आणि गुडघे वर, अशी मांडी घातली की भार चुकीच्या जागी येतो आणि पाठीला पोक येतो. जुनी सतरंजी घट्ट घडी करून चार-पाच बोटं उंच करा आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसा. मऊ उशी नको, पाच मिनिटांत बसकण मारते. गुडघे कमरेच्या खाली उतरले की पाठ आपोआप सरळ होते. एखादा गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी. पायावर पाय चढवू नका, पावलं एकापुढे एक जमिनीवरच असू द्या.
तरी मुंग्या आल्या तर सरळ खुर्ची घ्या. पाठ न टेकता बसा, तळवे जमिनीवर सपाट. खुर्चीवर ध्यान होत नाही हा निव्वळ गैरसमज. आणि बधिर पायावर झटकन उठू नका, पाऊल मुरगळतं.

नासाग्र
तुमचा श्वास बिघडतो कारण तुम्ही तो घेताय. तो बघायचा असतो. लक्ष देताना नकळत आपण खोल ओढतो. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग डोकं हलकं, ओठांना-बोटांना मुंग्या आणि गंमत म्हणजे हवा पुरत नाही असंच वाटतं. म्हणून माणूस आणखी ओढतो.
लक्ष छातीवरून काढा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी छोटी जागा आहे तिथे आत जाणारी हवा किंचित गार आणि बाहेर येणारी कोमट लागते. तेवढंच बघा. श्वास सुटल्यावर क्षणभर सगळं थांबतं, तिथे पुढचा श्वास ओढायला जाऊ नका. तो येतोच.
मन फार पळत असेल तर सोडताना मोजा, १ ते १० आणि पुन्हा १. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली बौद्ध ग्रंथात बुद्धघोषांनी पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये असंच सांगितलंय. सोय अशी की तुम्ही १७ वर पोहोचलात म्हणजे मघाशीच निसटलात हे कळतं. चिडायचं नाही, परत १. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेत मात्र मोजणं आणि जप दोन्ही चालत नाही, नुसता नैसर्गिक श्वास. तिकडे शिकणार असाल तर मोजायची सवय लावू नका.

मेरुमणी
डुलकीवर जपासारखं औषध नाही, पण मनातल्या मनात केला तर तोही झोपवतो. मानस जप शेवटी. आधी उपांशु, म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्याने ओढायचे, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की ओलांडू नका, माळ फिरवून परत निघा. त्रयोदशाक्षरी रामनामाला ('श्रीराम जय राम जय जय राम') तीन सेकंद धरले तर १०८ ची माळ साडेपाच मिनिटांच्या आत होते. तीन मिनिटांत होत असेल तर बोटं पळताहेत, नाम नाही.
पण दोन्ही एकाच बैठकीत कालवू नका. महिनाभर एकच धरा. रोज नवं साधन म्हणजे रोज नवी विहीर खणायला घेणं, पाणी कुठेच लागत नाही.

मुक्ता_ठाणे
आधी श्वासच धरते, जप रात्री. पण सातला कुकर आणि मिक्सर एकदम सुरू होतात, त्याचं काय?

नासाग्र
मिक्सर संपेपर्यंत मिक्सरच ऐका. आवाज कसा चढतो, कुठे अडकतो, बंद झाल्यावर कानात किती वेळ घुमतो. मग श्वासावर या. 'कोण लावतंय आत्ता मिक्सर?' हे जे मनात सुरू होतं, व्यत्यय तो आहे.
छातीत कोंडणं आठवडाभरात गेलं नाही किंवा श्वासाकडे बघताना भीती वाटली, तर श्वासाचा नाद सोडा आणि लक्ष तळपायांवर न्या. ध्यानाला न बसताही छातीत कोंडत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बैठक_पक्की
आणि १५ चे ८ करा. बधिर व्हायच्या आत उठायचं, पण रोज. गजर मोबाइलचा असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा.