कोर्दा यांचे थोर काम कोणते: चे गेव्हारा की ओंडक्याची बाहुली?

धागाकर्ता:
क्यूबाचे छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा (१९२८-२००१) यांचे नाव निघाले की चर्चा क्यूबाच्या क्रांतीतले नेते चे गेव्हारा यांच्या त्या एका चेहऱ्यापाशीच अडते, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हवाना बंदरात ‘ला कूब्र’ या फ्रेंच मालवाहू जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ मार्च १९६० रोजी, मृतांच्या श्रद्धांजली सभेत ते छायाचित्र टिपले गेले. मूळ चौकट आडवी आहे; एका बाजूला कुणाचा तरी अर्धा चेहरा, दुसरीकडे पामची पाने. कोर्दांनी दोन्हींना कात्री लावली आणि त्यासोबत ती सभा आणि तो शोकही गेला. याउलट १९५९ मध्ये पिनार देल रिओ प्रांतातल्या सुमिदेरो येथे टिपलेली ती चिमुरडी पाहा. लाकडाच्या ओंडक्यालाच बाहुली मानून तिने तो उराशी धरला आहे. फॅशनच्या छायाचित्रणावर नाव कमावलेले कोर्दा क्रांतीकडे वळले ते या मुलीमुळे, असे ते स्वतःच सांगत.

प्रतिसाद १:
मी सहमत नाही. मूळ चौकट आजही पाहता येते, म्हणून तर तो अर्धा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे. ‘रेव्होल्युसिओन’ दैनिकाने हे छायाचित्र तेव्हा छापलेच नाही. कोर्दांनी ते आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावले. ते जगभर प्रतीक बनले ते १९६७ मध्ये, चेच्या हत्येनंतर, इटालियन प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांनी काढलेल्या पोस्टरांमुळे. त्याचा दोष कोर्दांच्या माथी का मारावा? आणि त्या मुलीला टिपणारी नजरही फॅशनच्या स्टुडिओतच घडली होती.

प्रतिसाद २:
मी प्रतिसाद १ च्या बाजूने आहे. कोर्दांनी या छायाचित्राचे मानधन कधी मागितले नाही, पण २००० साली व्होडकाच्या जाहिरातीत ते वापरले गेले तेव्हा मात्र त्यांनी दावा लावला आणि तडजोडीतून मिळालेले ५०,००० डॉलर क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिले. चित्राचा अर्थ त्यांनी वाऱ्यावर सोडला नव्हता.

धागाकर्ता:
पोस्टरांचा दोष त्यांचा नाही, हे मान्य. पण जो संदर्भ जपायला त्यांना चाळीस वर्षांनी दावा लावावा लागला, तो त्या मुलीच्या छायाचित्राला असा राखावा लागत नाही. त्यातला ओंडका कापला तर छायाचित्रच उरत नाही.