१९६९ची मार्टिन डी-२८ : ही घ्यावी की नवी?

सहासुरी (एडिसन, न्यू जर्सी)

एका जुन्या गिटारच्या खरेदीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक घर आवरून मुलीकडे राहायला जात आहेत आणि त्यांनी तरुणपणी कोरी विकत घेतलेली मार्टिन कंपनीची डी-२८ मला देऊ करत आहेत. किंमत मात्र आजच्या नव्या डी-२८च्या जवळजवळ दुप्पट सांगतात. ‘ही ब्राझिलियन रोझवूडची आहे, हे लाकूड आता मिळत नाही,’ असे त्यांचे म्हणणे. गृहस्थ सरळ आहेत, पण त्यांची माहितीही ऐकीवच असावी.

साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, टॉर्च मारून पाहिले तेव्हा नेक (गिटारची मान) जिथे बॉडीला मिळतो तिथल्या आतल्या ठोकळ्यावर मॉडेलचे नाव आणि २५२ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक ठसठशीत दिसला. पाठीचे लाकूड गडद तपकिरी, थोडी नारिंगी झाक असलेले असून त्यावर काळ्या, वेड्यावाकड्या रेषा आहेत. पिकगार्ड (पिकचे ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला प्लास्टिकचा तुकडा) काळा आहे आणि त्याच्या कडेने ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या, दिशेने एक बारीक चीर गेली आहे. बाराव्या फ्रेटपाशी (नेकवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) तारा बऱ्याच उंच वाटतात आणि सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी, ब्रिजच्या वर जेमतेम दिसते. आवाज मात्र खोलीभर भरून राहतो.

लाकूड खरोखर ब्राझिलियन आहे का, एवढे पैसे मोजणे शहाणपणाचे ठरेल का, आणि येत्या काही वर्षांत आम्ही पुण्याला परतणार असल्याने ही गिटार सोबत नेण्यात काही अडचण येईल का, हे मला समजून घ्यायचे आहे.

जुनेखोड (ओहायो)

क्रमांकापासून सुरुवात करू, कारण मार्टिनच्या बाबतीत तो एकच पुरावा बहुतेक वाद मिटवतो. या कंपनीने १८९८ साली ८००० या आकड्यापासून गिटारींवर क्रमांक घालायला सुरुवात केली आणि प्रत्येक वर्षअखेरीचा क्रमांक प्रसिद्ध आहे. १९६८ हे वर्ष २४१९२५ वर संपले आणि १९६९ हे २५६००३ वर. तुमचा आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो, म्हणजे गिटार १९६९ची. गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या वाटेला गेलात तर हे सुख नाही. तिथे साठच्या दशकात तेच ते क्रमांक पुन्हा वापरले गेले आणि साल ठरवण्यासाठी हेडस्टॉकचा (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाचा) कोन, नटची (त्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी, आतले लेबल असे बरेच धागे जुळवावे लागतात.

आता मौज अशी, की १९६९ हे नेमके सीमारेषेवरचे वर्ष आहे. ब्राझीलने रोझवूडचे ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणल्यावर चांगल्या रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या. १९६५ साली आलेल्या मार्टिनच्याच डी-३५ या मॉडेलची पाठ तीन तुकड्यांची आहे, तीही अरुंद फळ्या वापरता याव्यात म्हणूनच. पुढे १९६९च्या अखेरीस मार्टिनने आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी भारतीय रोझवूड, म्हणजे आपल्याकडचे शिसव, वापरायला घेतले. डी-२८ मधला हा बदल २५४४९८ या क्रमांकापाशी झाला असे मानले जाते. २५२ने सुरू होणारा क्रमांक त्याच्या अलीकडचा असल्याने कागदावर तरी तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते.

तरीही क्रमांक ठोकळ्यावर असतो, पाठीवर नसतो, आणि पन्नासहून अधिक वर्षांत एखाद्या अपघातानंतर पाठ बदललेली असू शकते. म्हणून डोळ्यांनी खात्री करावी. शिसवाच्या रेषा बहुधा सरळ, सारख्या अंतराच्या असतात आणि रंगात जांभळी छटा असते. जुन्या शिसवी पलंगाचा किंवा कपाटाचा रंग आठवून पाहा. ब्राझिलियन लाकडात तपकिरी-नारिंगी रंगावर तुम्ही वर्णन केलेल्या काळ्या रेषा पुष्कळदा दिसतात. मात्र सरळ रेषांचे ब्राझिलियन लाकूडही असते आणि ते शिसवाशेजारी ठेवले तर भले भले फसतात, त्यामुळे केवळ नक्षीवर विसंबू नये. पाठीवर बाहेरून दिसणारी एखादी ठळक रेषा आतूनही त्याच जागी दिसते का, हेही आरशाने पाहून घ्या. काळा पिकगार्ड त्या काळाला धरूनच आहे, कारण कासवाच्या पाठीसारखे दिसणारे पिकगार्ड त्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. टॉपच्या (पुढच्या फळीच्या) कडेची हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नक्षीची, पट्टी आणि कोरून हलके केलेले ब्रेसिंग (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) यांची अपेक्षा ठेवू नका. कोरलेले ब्रेसिंग १९४४च्या अखेरीस थांबले आणि हेरिंगबोन त्यानंतर दोन-तीन वर्षांत गेली.

किमतीविषयी माझे स्पष्ट मत असे, की हे पैसे आवाजाचे नसून दुर्मिळतेचे आहेत. १९६९च्या सुरुवातीची आणि १९७०ची डी-२८ डोळे मिटून ऐकली तर फरक सांगणारे विरळाच. बाजारात मात्र पहिलीला दुसरीच्या दुपटीहूनही अधिक भाव मिळू शकतो. तुम्हाला वाजवायची आहे की जपून ठेवायची आहे, यावर उत्तर अवलंबून आहे.

तारवाला (मडगाव)

मी गिटारी दुरुस्त करतो, म्हणून लाकडाची चर्चा तूर्त बाजूला ठेवतो. मूळ प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘तारा उंच आणि सॅडल जेमतेम दिसते’ हे आहे. स्टीलच्या तारांचा संच सत्तर-ऐंशी किलोंच्या ओढ्याने नेक आणि ब्रिज यांना एकमेकांकडे खेचत असतो. वर्षानुवर्षे हा ताण सोसून बॉडी किंचित वाकते, नेकचा कोन पुढे झुकतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात. मग मालक सॅडल घासून तारा खाली आणतो, आणि सॅडल संपली की तोही मार्ग बंद होतो. शेजाऱ्यांची गिटार त्या टप्प्याला आलेली दिसते.

तपासणी सोपी आहे. स्टीलची लांब, सरळ पट्टी नेकच्या मधोमध फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकले तर नेकचा कोन ठीक आहे. माथ्याच्या खाली लाकडावर आपटले तर नेक काढून पुन्हा बसवावा लागेल. त्याच वेळी ब्रिजची उंचीही मोजा. साधारण आठ ते नऊ मिलिमीटर भरली तर उत्तम, पण सहाच्या आसपास आली तर कोणीतरी मुख्य काम टाळण्यासाठी ब्रिजच तासला आहे असे समजा.

या कामात पंधरावी फ्रेट काढून तिच्या खाचेतून सांध्यात वाफ सोडतात, डिंक मऊ झाला की नेक वर उचलून काढतात, त्याच्या टाचेचे लाकूड कणाकणाने तासून कोन सुधारतात आणि मग पुन्हा चिकटवतात. कसबी माणसाच्या हातून झाले तर ती दुरुस्ती असते, गिटारचे व्यंग नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या काळच्या मार्टिनच्या नेकमध्ये स्टीलची चौकोनी नळी असते, चावीने फिरवून नेकचा बाक कमी-जास्त करता येणारा ट्रस रॉड (धातूची सळई) नसतो, तो १९८५मध्ये आला. त्यामुळे नेकला बाक आला असेल तर चावीने काम भागत नाही आणि किंचित जाड मुळाच्या फ्रेट ठोकून तो सरळ करावा लागतो.

चिरेचे म्हणाल तर ती या गिटारींत इतकी नेहमीची आहे, की ती नसती तर मी जास्त निरखून पाहिले असते. तेव्हाचे पिकगार्ड उघड्या लाकडावर थेट चिकटवलेले असत. प्लास्टिक काळाच्या ओघात आकसते, लाकडाला सोबत ओढते आणि रेषेच्या दिशेने चीर पडते. ती चिकटवून आतून लहानसा तुकडा लावला तर चिंता नसते.

सहासुरी

दोघांचेही आभार. शेजाऱ्यांच्या परवानगीने मोजमाप केले. पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्याच्या सुमारे दोन मिलिमीटर खाली टेकते. ब्रिजची उंची साडेआठच्या जवळ आहे. पाठीवरची एक वळणदार काळी रेषा आतूनही अगदी त्याच ठिकाणी दिसली. छोटा आरसा आत घालून पाहिल्यावर ब्रेसच्या पट्ट्या कुठेही सुटलेल्या दिसल्या नाहीत.

तारवाला

म्हणजे नेकचे काम लागेल, पण ब्रिज अस्पर्श आहे ही जमेची बाजू आहे. जवळच्या चांगल्या कारागिराकडून नेक, चीर आणि फ्रेट यांचा अंदाज लेखी घ्या आणि ती रक्कम सांगितलेल्या किमतीतून वजा करण्याविषयी शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. काम झाल्याची पावती जपून ठेवा. पुढे कधी विकायची वेळ आली तर तिचाही उपयोग होतो.

मध्यसप्तक (सनीवेल, कॅलिफोर्निया)

मी थोडा वेगळा सूर लावतो. सहासुरी, तुम्ही रोज वाजवणार असाल तर नवी डी-२८ एकदा नीट हातात घेऊन मगच ठरवा. २०१७ साली मार्टिनने हे मॉडेल नव्याने मांडले. त्यात एक्स आकाराचे ब्रेसिंग साउंडहोलच्या दिशेने पुढे सरकवले आहे, त्यामुळे ब्रिजभोवतीचा टॉप अधिक मोकळेपणाने हलतो आणि खर्जाला भरदारपणा येतो. नटची रुंदी जुन्या गिटारमध्ये सुमारे ४२.९ मिलिमीटर असते, नवीमध्ये ४४.५. हा दीड मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतो, पण बोटांनी तारा छेडणाऱ्याला तो पहिल्याच सुरावटीत जाणवतो. पिकने नुसती साथ करणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही. हेरिंगबोन आणि कोरलेले ब्रेसिंगच हवे असेल तर १९७६पासून मार्टिनचेच एचडी-२८ हे मॉडेल आहेच. नव्या नेकला फिरवता येणारा ट्रस रॉड असल्यामुळे ऋतुमानाप्रमाणे करायचा किरकोळ बदल घरच्या घरी करता येतो.

नेकच्या सांध्याबाबत इतर कंपन्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत, हेही सांगायला हवे. टेलर ही कंपनी नेक पूर्वीपासूनच बोल्टने बसवते आणि १९९९मध्ये तिने ही रचना आणखी सुधारली; त्यात कोन बदलायचा झाला तर वाफ नको की डिंक नको, पातळ पाचर बदलली की झाले. मार्टिनच्या चाहत्यांना हे सांगितले की ते आवाजाचे कारण पुढे करतात, आणि मला ते कारण आजवर पटलेले नाही.

जुन्या टॉपचा आवाज मुरलेला असतो हे मी नाकारत नाही. पन्नास वर्षे वाजलेले टॉपचे स्प्रूस लाकूड हलके आणि चटकन प्रतिसाद देणारे झालेले असते. पण १९६९च्या गिटारीत ब्रिजखाली रोझवूडची मोठी पट्टी असते. त्याआधी तिथे मॅपलची लहान पट्टी असे आणि बऱ्याच वादकांना तीच अधिक पसंत आहे. म्हणजे लाकूड सुवर्णकाळातले असले तरी रचना त्या काळातली नाही. दुप्पट किंमत मोजताना एवढे तरी डोळ्यांसमोर असावे.

जुनेखोड

मध्यसप्तक यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. साठच्या दशकाच्या मध्यातली डी-२८ आणि १९६९ची डी-२८ यांना ‘ब्राझिलियन’ या एकाच शब्दाखाली मोजणारे विक्रेते पुष्कळ आहेत, आणि त्यात नुकसान घेणाऱ्याचे होते.

परवानापत्र (शिकागो)

पुण्याला नेण्याच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. ब्राझिलियन रोझवूड, शास्त्रीय नाव डाल्बर्जिया नायग्रा, १९९२पासून सायटिस कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १मध्ये आहे. या परिशिष्टातल्या लाकडाची तयार वस्तूही कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, मग ती आपल्या मालकीची आणि वापरातली का असेना. गिटार १९९२च्या आधीची असल्याने तिच्यासाठी तशा आशयाचे प्रमाणपत्र मिळू शकते. अमेरिकेत ते फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस देते. अर्जासोबत वयाचा पुरावा लागतो, म्हणून शेजाऱ्यांकडून मूळ खरेदीची पावती मिळत असेल तर ती गिटारइतकीच जपून घ्या. नसेल तर क्रमांकाचे छायाचित्र आणि त्यांच्या सहीचे विक्रीपत्र तरी घ्या. अर्ज प्रवासाच्या कित्येक महिने आधी करावा, आणि भारतात उतरल्यावर काय दाखवावे लागेल याची विचारणाही आधीच करावी.

भारतीय शिसवाच्या गिटारीचे तसे नाही. २०१७च्या सुरुवातीला डाल्बर्जिया वंशातल्या उरलेल्या सर्वच जाती परिशिष्ट २मध्ये आल्या आणि जगभरच्या वादकांची धावपळ झाली. पण २०१९च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे नवी डी-२८, जिची पाठ बहुधा दक्षिण भारतातल्याच झाडाची असते, तुम्ही विनासायास पुण्याला नेऊ शकता.

सहासुरी

हे फार उपयोगी पडले. शेजाऱ्यांनी कपाट उपसून गिटारच्या केसच्या (पेटीच्या) कप्प्यात मूळ पावती शोधून काढली, तिच्यावर दुकानाचा शिक्का आणि १९६९चीच तारीख आहे. कारागिराच्या अंदाजाची रक्कम वजा करायलाही ते तयार झाले. मी बहुतेक पिकनेच वाजवतो, त्यामुळे अरुंद नटची मला अडचण नाही, आणि कागदपत्रांची खटपट करण्याची तयारी आहे. आता फक्त इथला हिवाळा आणि पुण्याचा पावसाळा यांत ती कशी सांभाळावी, एवढे सांगावे.

तारवाला

खोलीतली आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की हवा कोरडी पडते आणि टॉप आकसून चिरतो, म्हणून केसमध्ये आर्द्रतामापक आणि ओलावा देणारी पिशवी ठेवा. पुण्यात जून ते सप्टेंबर उलटा प्रकार असतो. टॉप फुगून तारा वर जातात, तेव्हा सिलिका जेल ठेवून केस बंदच ठेवावी आणि केवळ पावसाळ्यातल्या उंचीवर विसंबून सॅडल घासू नये, कारण दिवाळीनंतर त्याच तारा फ्रेटवर खडखडू लागतात. विमानातून नेताना तारा दोन-तीन सूर उतरवून ठेवा, पण पूर्ण सोडू नका. आणि त्या गिटारीवरचे लॅकर नायट्रोसेल्युलोजचे आहे. रबरी किंवा व्हायनिलच्या स्टँडवर टेकवून ठेवलीत तर ते तिथे विरघळून चिकट होईल, तेव्हा स्टँडला सुती कापड गुंडाळा, नाहीतर ती केसमध्येच ठेवा.